खेड्यातल्या भरल्या घरातलं सामान कमी करायचं असेल तर

कमी सामानात राहायचे सल्ले मोबाईलवर पुष्कळ येतात. बहुतेक सल्ले फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांचे असतात. पांढरी भिंत, एक खुर्ची, एक कुंडी. "तीन महिन्यांत हात लागला नाही ना, मग काढून टाका," असं ते सांगतात. हा नियम आमच्या वर्धा जिल्ह्यातल्या घराला लावला तर तिफन जाईल, कापूस वेचायच्या ओट्या जातील, ताडपत्री जाईल, शेवया-पापडाचं सगळं सामान जाईल. शेतकऱ्याच्या घरातली कितीतरी वस्तू वर्षातून एकदाच लागते, पण त्या दिवशी ती लागतेच. शेजाऱ्याचीही त्याच दिवशी कामात असते.

म्हणून आपलं माप महिन्यांचं ठेवू नका. पाडवा ते पाडवा असं पूर्ण साल धरा. सालगड्याचं साल ज्या दिवशी बदलतं, त्याच दिवशी सामानाचा हिशेब करायचा. वर्षभरातले सगळे हंगाम, सगळे सण आणि निदान एक लग्न होऊन गेलं, तरी जी वस्तू जागची हलली नाही ती बसलेली. गहू, तूर, ज्वारी, सरपण, कुटार, बियाणं हा साठा फिरता असतो. तो भरतो, खाल्ला जातो, पुन्हा भरतो. कमी करायचं ते बसलेलं सामान. फिरत्या साठ्याला हात लावायचं कारण नाही. पुढचं सगळं या एका फरकावर चालतं.

घर रिकामं कशाला करायचं, असं कोणी विचारलं तर माझ्याकडे साधी कारणं आहेत. भाव येईपर्यंत कापूस घरात भरावा लागतो आणि त्याला एक आख्खी खोली लागते. ती खोली मोडक्या दिवाणानं अडवली असेल तर कापूस झोपायच्या खोलीत येतो आणि घरभर खाज सुटते. दुसरं, सामानाच्या ढिगात उंदीर, आणि उंदरामागं साप. आणि तिसरं, हे सगळं झाडणं-पुसणं घरातल्या बाईच्याच वाट्याला येतं.

आधी जमवून ठेवा

- आठ-दहा रिकामी पोती. जुना बारदाना चालतो.
- एक मोठी ताडपत्री, सोयाबीन वाळवता तीच.
- खडू, जाड मार्कर, सुतळी.
- एक जाड वही.
- कापूस मोजायचा लटकता काटा.
- रबरी हातमोजे, पूर्ण बाह्यांचा शर्ट, नाकातोंडाला दुपट्टा.
- टॉर्च आणि लांब काठी.
- कागदांसाठी घट्ट झाकणाची पत्र्याची पेटी. घरात एखादी रिकामी होईलच, नवी घेऊ नका.

प्लॅस्टिकचे डबे, रॅक, कप्प्याकप्प्यांचे खोके यातलं काहीही या कामासाठी विकत आणायचं नाही. सामान कमी करायला बसलेली माणसं आधी तालुक्याला जाऊन सामान घेऊन येतात, हे मी पुष्कळ घरी पाहिलं आहे.

१. दिवस नीट निवडा

आपल्याकडे साफसफाई म्हटलं की दिवाळी. पण दिवाळीच्या सुमारास सोयाबीन निघालेलं असतं, कापूस फुटलेला असतो आणि वेचायला बाया मिळत नाहीत. त्या घाईत होतं काय, तर माळ्यावरचं खाली येतं, झटकलं जातं आणि परत माळ्यावर जातं. ती धूळझाड झाली. २० डिसेंबरला, गाडगेबाबांच्या पुण्यतिथीला, गावात श्रमदान होतं तेही रस्त्यांचं. माळ्यांवर कोणी चढत नाही.

खरा काळ होळी ते पाडवा. हरभरा-गहू घरात आलेला असतो, कापूस बहुतेक गेलेला असतो, ऊन कडक असतं म्हणून गाद्या-गोदड्या एका दिवसात खडखडीत होतात. एप्रिल लागला की टिनाच्या छपराखाली दुपारी बसवत नाही, शिवाय लग्नसराई सुरू होते. काम सकाळी सहा ते दहा एवढंच करा. एका दिवशी एकच जागा: आज माळा, उद्या कोठा (गुरांचा गोठा), परवा संदूक. सगळं घर एकदम अंगणात काढलं तर संध्याकाळी स्वयंपाकाला तवा सापडत नाही, आणि दुसऱ्या दिवशी घरातले सगळे तुमच्या विरोधात जातात.

२. घरातल्या जुन्या माणसांशी आधी बोला

हे काम नवी सून किंवा शहरातून आलेला मुलगा काढतो आणि इथंच अडकतो. म्हाताऱ्या माणसाला "हे फेकू का?" असं विचारलं तर उत्तर एकच: "राहू दे ना, कामी पडते." त्यात त्यांची चूक नाही. नापिकी, दुष्काळ, कर्ज यातून ज्यांनी संसार ओढला त्यांना एक खिळा फेकणं जड जातं.

प्रश्न बदला. "हे कोणाला द्यायचं?" असं विचारा. आमच्या सासूबाई फेकायच्या नावानं उठून जायच्या, पण द्यायचं म्हटलं की त्यांना माणसं आठवायची: अमकीच्या लेकीचं लग्न आहे, तिला पाण्याचा गुंड द्या, तमक्याच्या घरी बाळंतीण आहे, तिकडे पाळणा पाठवा. वस्तू कोणाच्या तरी घरी कामाला लागते आहे एवढं दिसलं की हात सुटतो.

दोन गोष्टी पक्क्या ठरवा. ज्याची वस्तू, त्याचाच शब्द शेवटचा. नवऱ्याची जुनी पुस्तकं बायकोनं काढायची नाहीत, सुनेचं आंदण सासूनं वाटायचं नाही. आणि भावाभावांत वाटणी झालेली नसेल तर सामाईक वस्तूला हात लावायच्या आधी सगळ्या भावांना कळवा, बहिणींनाही. आजीचा पितळी हंडा कबाड्याला गेला म्हणून पुढची पाच वर्षं रक्षाबंधनाला कोणी आलं नाही, अशी घरं प्रत्येक गावात आहेत. फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाका आणि आठ दिवस थांबा.

३. माळा, कोठा आणि औषधाची जागा

सुरुवात इथून करा, कारण इथं जीवाचा धोका आहे. रचलेल्या विटा, गुंडाळलेल्या चटया, जुने टायर, कवेलूंचे ढीग यांत विंचू आणि साप हमखास असतात. मण्यार रात्री फिरते आणि खाली झोपलेल्या माणसाला अंथरुणात चावते. कित्येकदा दुखतही नाही, म्हणून दवाखान्यात जायला उशीर होतो. ढीग हातानं उचलायचा नाही. आधी काठीनं हलवायचा, जरा थांबायचं, मग उलट्या बाजूनं सरकवायचा. पायात बूट हवेतच.

फवारणीच्या औषधांची गोष्ट वेगळी. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ साली फवारणीच्या विषबाधेनं वीसहून जास्त शेतकरी-मजूर गेले, ते आपण सगळ्यांनी पाहिलं. तरीही बहुतेक घरांत अर्ध्या बाटल्या, मुदत संपलेल्या पुड्या कोठ्यातल्या कोनाड्यात पडलेल्या असतातच.

- भरलेली किंवा अर्धी बाटली नाल्यात, विहिरीजवळ ओतायची नाही. कुलपाच्या पेटीत ठेवा आणि तालुका कृषी कार्यालयात किंवा घेतली त्या कृषी केंद्रात विचारा.
- रिकामी बाटली तीनदा विसळायची आणि ते पाणी पंपातच ओतून वावरात फवारायचं. मग बाटलीला भोकं पाडायची, म्हणजे परत कोणी वापरणार नाही. पाण्यापासून दूर खोल पुरायची.
- अशा बाटल्या कबाड्याला द्यायच्या नाहीत, जाळायच्या नाहीत. औषधाच्या डब्यात रॉकेल, बियाणं, पाणी काही भरायचं नाही. डबा चांगला आहे, हे कारण चालणार नाही.

लेबल निघालेली बाटली कोणती आहे याचा अंदाज बांधत बसू नका, वास तर अजिबात घेऊ नका. ती विषच आहे असं धरून बाजूला ठेवा.

४. कागद: इथं दोन दिवस जाऊ द्या

घरात सगळ्यात कमी जागा कागद अडवतात आणि सगळ्यात जास्त नुकसान तेच चुकीचे फेकल्यानं होतं. म्हणून या पायरीला घाई नाही. सगळे कागद एका जागी आणा: संदुकीतले, देव्हाऱ्यामागचे, गादीखालचे, पोथीत ठेवलेले. मग चार ढीग करा.

पहिला ढीग कायमचा. खरेदीखत, वाटणीपत्र, मृत्युपत्र, फेरफाराच्या नकला, जुने सातबारे आणि आठ-अ, मोजणीचा नकाशा, घराचा नमुना आठ. आजोबा-पणजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला, कोतवाल बुकाची (गावच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवहीची) नक्कल, जुना कुठलाही सरकारी कागद ज्यावर जात आणि गाव लिहिलेलं आहे. हे फाटके, पिवळे कागद बघून नव्या पिढीला कचरा वाटतो. पण जातीचा दाखला आणि जात पडताळणी करताना ठरावीक तारखेच्या आधीचा पुरावा लागतो: अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती आणि भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. नातीच्या मेडिकलच्या ॲडमिशनच्या वेळी पणजोबांचा एक चिटोरा शोधत अख्खं घराणं तहसील-शाळा-तहसील फिरतं. तो चिटोरा कदाचित तुमच्या संदुकीत आहे.

दुसरा ढीग हिशेब मिटेपर्यंतचा. पीककर्जाचे कागद, बँकेचं नील प्रमाणपत्र, सोसायटीच्या पावत्या. कर्ज फिटलं एवढ्यावर हे फेकू नका. सातबाऱ्यावरचा बोजा उतरलेला डोळ्यांनी पाहा, मग ठरवा. नील प्रमाणपत्र मात्र त्यानंतरही पहिल्या ढिगात टाका. पीकविम्याची पावती भरपाई खात्यात येईपर्यंत. मोटारपंपाचं, ठिबकचं बिल वॉरंटी आणि अनुदान दोन्ही संपेपर्यंत.

तिसरा ढीग एका हंगामाचा. बियाण्याचं बिल, पिशवी, पिशवीला शिवलेला टॅग आणि मूठभर बियाणं पीक निघेपर्यंत ठेवायचं. बियाणं उगवलं नाही आणि तक्रार करायची झाली तर हेच मागतात. पिशव्या प्लॅस्टिकचा कचरा म्हणून पेरणीच्याच दिवशी जाळल्या जातात आणि मग तक्रारीला आधार राहत नाही. पीक घरात आलं की हा ढीग मोकळ्या मनानं काढा.

चौथा ढीग बिनकामाचा. दहा वर्षांपूर्वीची वीजबिलं, लग्नपत्रिका, बंद पडलेल्या खात्यांची जुनी पत्रकं, औषधांच्या चिठ्ठ्या (चालू आजाराच्या सोडून), एकाच कागदाच्या सात-सात झेरॉक्स. आधारच्या झेरॉक्स फाडून टाका, अख्ख्या रद्दीत देऊ नका. पत्रिकेवर आणि कॅलेंडरवर देवाचं चित्र आहे म्हणून फेकवत नाही, ही अडचण खरी आहे. ते कागद बादलीत भिजवून लगदा करा आणि झाडाच्या बुडाशी मातीत मिसळा. बहुतेक घरांत एवढ्यावर मन मानतं.

ठेवायचे कागद पत्र्याच्या पेटीत, पेटी जमिनीवर नाही तर तिपाईवर आणि भिंतीपासून वीतभर लांब. वाळवी भिंतीतून येते. जुन्या मूळ कागदांना लॅमिनेशन करू नका. तो कागद परत सुटा होत नाही आणि पडताळणीला अडचण येते. प्रत्येक कागदाचा मोबाईलवर फोटो काढून मुलाकडे, मुलीकडे पाठवून ठेवा. आधार, मार्कशीट डिजिलॉकरमध्ये मिळतात. डिजिटल सहीचा सातबारा पंधरा रुपयांत ऑनलाईन निघतो आणि सरकारी कामाला चालतो, म्हणून चालू सातबाऱ्याच्या प्रती साठवायची गरज उरलेली नाही. जुन्या हस्तलिखित सातबाऱ्यांना मात्र हा नियम लावू नका.

५. भांडी

आपल्याकडच्या घरात एवढी मोठी भांडी का असतात? लग्न घरच्या अंगणात व्हायचं, शंभर पानं घरच्या गंजात शिजायची, मोठी पितळी परात गावभर फिरायची. आता बिछायतवाला मंडप, खुर्च्या, गंज, सराटे, पाण्याचे ड्रम सगळंच आणतो. घरातला मोठा गंज माळ्यावर पालथा पडलेला असतो आणि त्याच्या आत पाल अंडी घालते.

तरीही सगळी भांडी एका पोत्यात भरून कबाड्यापुढे ठेवू नका. आधी धातू वेगळे करा: तांबं, पितळ, कासं, स्टील, जर्मन (अ‍ॅल्युमिनियम), लोखंड. पितळ आणि कासं तांबूस-पिवळ्या रंगावरून सारखंच वाटतं. बोटानं टिचकी मारा. कासं घंटेसारखं बराच वेळ वाजतं, पितळ लवकर बसतं. कबाडी सगळं "पितळच" म्हणून तोलतो. दारावर तोलण्याआधी तुमच्या कापसाच्या काट्यावर प्रत्येक ढीग मोजा आणि वहीत लिहा. मग त्याचा काटा किती दाखवतो ते बघा. तुम्ही वही हातात घेऊन उभ्या राहिलात तरी भाव सुधारतो.

तांबं-पितळ शक्यतो कबाड्याला देऊच नका. तालुक्याच्या भांड्यांच्या दुकानात मोड, म्हणजे जुनी भांडी वजनावर, घेतात. भंडाऱ्याकडच्या लोकांना तर सांगायला नको, तिथं पितळेचा धंदाच आहे. दोन-तीन दुकानांत भाव विचारा. बदल्यात नवं भांडं घ्यायचा आग्रह होतो. पैसे रोख घ्या, नाहीतर जुना हंडा जाऊन स्टीलचे सहा डबे घरी येतील.

ठेवायचं काय? रोजच्या स्वयंपाकाचं, आणि पाहुणे आले तर पंधरा-वीस माणसांचं जेवण होईल एवढं. आपल्याकडे दहाव्या-तेराव्याला, रोडग्यांच्या पंगतीला माणसं येतातच, त्यामुळे शहरासारखी चार ताटं, चार वाट्या इथं चालत नाहीत. पाणी भरायची भांडी उन्हाळ्याच्या हिशेबानं ठेवा. नळ चार दिवसांआड येत असेल तर ड्रम काढायचा नाही. आजीची आठवण म्हणून एखादं पितळी भांडं ठेवायचं असेल तर खुशाल ठेवा, पण वापरात आणा. आंबट पदार्थ करणार असाल तर कल्हई लागेल, आणि कल्हईवाला आता आठवडी बाजारातही क्वचित दिसतो. त्यात पाणी, धान्य, नाहीतर पीठ ठेवणं सोपं.

६. कपडे आणि आहेराचं गाठोडं

रोजच्या कपड्यांचं फार काही नसतं. वावरात घालायचे जुने कपडे लागतातच, फाटलेल्या सुती साड्यांच्या गोदड्या होतात. गोदड्या मोजा: माणशी दोन आणि पाहुण्यांच्या चार. त्यापुढच्या उंदरांच्या.

खरा पसारा असतो आहेराचा. न नेसलेल्या साड्या, ब्लाऊजपीस, दुपट्टे, टोप्या, शर्टपीस. याला नियम असा: जी साडी नेसणार आहात ती आठ दिवसांत फॉल-पिको करून वापरात आणा. बाकीच्या साडीवर चिठ्ठी लावा, कोणाकडून आली आणि कधी. ही चिठ्ठी नसल्यानं दिलेली साडी फिरून तिच्याच घरी जाते, आणि ती बाई पदर बघताक्षणी ओळखते. कृत्रिम धाग्याच्या साड्यांची गोदडी होत नाही, अंगाला चिकटते. त्यांच्या पिशव्या शिवून घ्या. गावातल्या बचत गटात शिवणारी कोणी ना कोणी असते.

७. वावरातलं सामान

बैल विकून वर्षं झाली, तरी जू, वखर, डवरा, मोडकी बंडी कोठ्यात उभी असते. पुन्हा बैल घेणार आहात का, हा प्रश्न सरळ विचारा. घेणार नसाल तर ज्याच्याकडे जोडी आहे त्याला ते आता द्या, लाकूड किडायच्या आधी. लोखंडी पास, फाळ लोहाराकडे नेले तर विळे-खुरपी होतात. विळे, कुदळ, फावडं, टिकास, सब्बल यांची वापरातली संख्या ठेवा. दांडा मोडलेलं अवजार या आठवड्यात दुरुस्त होत नसेल तर ते लोखंड आहे.

वर्षातून दोन दिवस लागणारी, पण सगळ्यांना एकाच दिवशी न लागणारी वस्तू प्रत्येक घरात असायची गरज नाही. सेवाग्रामला बापूकुटी बघायला शाळेच्या सहली जातात. मातीच्या भिंती, बांबू, कवेलू आणि आत मोजकं सामान. गांधीजी १९३६ साली सेवाग्रामला राहायला आले. लोक त्या खोलीसमोर हात जोडून "आपल्याला नाही बा जमणार" म्हणत बाहेर येतात. पण त्याच आवारात सगळ्यांचा एक रसोडा होता, हे कोणी फारसं बघत नाही. एकाच्या खोलीत कमी सामान पुरतं, कारण बाकीचं सगळ्यांचं मिळून असतं. तुमच्या घरी हेच करायचं तर तीन शेजाऱ्यांत वाटून घ्या: एकाकडे मोठी शिडी, एकाकडे बॅटरीचा पंप, एकाकडे वजनकाटा. कोणी काय नेलं त्याची वही ठेवा. मोडलं तर कोण भरणार हे आधीच बोलून घ्या. नंतर बोलायला गेलात तर भांडण होतं. गावात गटाची अवजार बँक असेल तर आणखी चांगलं.

पऱ्हाट्यांचा, म्हणजे कपाशीच्या वाळल्या झाडांचा, ढीग सरपण म्हणून घराच्या किंवा धुऱ्याच्या कडेला वर्षानुवर्षं राहतो. त्यात गुलाबी बोंडअळी तग धरते आणि पुढच्या कपाशीवर येते. २०१७ च्या हंगामात या अळीनं आपल्याकडची कपाशी खाल्ली, हे विसरायची गोष्ट नाही. पावसाळ्याच्या आत लागेल तेवढं सरपण ठेवून बाकीच्याचा भुगा करून खत करा. गॅस आल्यापासून चूल दिवसातून एकदाच पेटत असेल तर सरपणाचा जुना अंदाजही कमी करायला हवा.

८. धान्याला हात नाही

धान्य हा फिरता साठा. वर्षाचा गहू, ज्वारी, तुरीची डाळ घरात असणं हा पसारा नाही. फक्त जुनं आधी, नवं मागून, एवढी शिस्त ठेवा आणि कोठीवर खडूनं भरल्याचा महिना लिहा. कडुनिंबाचा वाळलेला पाला चालतो. अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळ्या माणसं झोपतात त्या घरात कधीच ठेवू नका. त्यातून निघणारा वायू माणसाला मारतो.

९. बाहेर काढलेलं त्याच आठवड्यात घालवा

घरातून निघून कोठ्यात गेलेलं सामान कमी झालेलं नसतं. दिवाळीपर्यंत ते परत येतं. पोत्यांवर मार्करनं लिहा: कबाडी, मोड, द्यायचं, दुरुस्ती. प्रत्येकापुढे तारीख टाका.

इन्व्हर्टरची, ट्रॅक्टरची जुनी बॅटरी कबाड्याला न देता दुकानात परत द्या, नव्या बॅटरीत पैसे कमी होतात. बल्ब, मोबाईल, चार्जर घरामागच्या खड्ड्यात जाळू नका. प्लॅस्टिकही जाळू नका. मुलांची गोष्टींची पुस्तकं शाळेत किंवा अंगणवाडीत द्या, पण आधी बाईंना विचारा. फाटकी पुस्तकं नेऊन टाकली तर पसारा त्यांच्या कपाटात जातो.

मजुरांना जुनं देण्याबद्दल एक स्पष्ट सांगते. कामाला येणाऱ्या बाईच्या हातात तुटका डबा आणि विरलेली साडी ठेवून "तुला होईल" म्हणायचं, आणि वर मजुरीच्या वेळी त्याची आठवण काढायची, ही जुनी रीत बंद करा. चांगलं असेल तर विचारून द्या. तिला नको असेल तर ते कचराच आहे.

१०. येणारं सामान दारातच थांबवा

काढलेलं वर्षभरात परत भरतं, कारण आपल्याकडे सामान विकत कमी आणि नात्यानं जास्त येतं. १४ जानेवारीच्या संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकवं चालतात, आणि प्रत्येक घरून एक प्लॅस्टिकची डबी, गाळणी, साबणदाणी येते. वाण घेणं नाकारू नका, वाईट दिसतं. आपण देताना मात्र संपणारं द्या: गूळ, तीळ, धण्याची पुडी, वाल-भेंडीचं बी, शेवग्याचं रोप. आमच्या आळीत दोन-तीन घरांनी सुरू केलं, तशी बाकीच्यांनीही डब्या आणणं कमी केलं.

लग्नाला "आहेर आणू नये" असं पत्रिकेत छापता येतं. एवढ्यानं भागत नाही. घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसानं जवळच्या चार घरी जाऊन तोंडी सांगावं लागतं, नाहीतर मामा साडी घेऊन येतोच आणि परत पाठवली तर मान गेला म्हणतो. मामाला आणि आत्याला सूट ठेवा. मुलीच्या आंदणाची यादी तिलाच करू द्या. राहायची खोली पुण्यात असेल तर कपाट आणि दिवाण तुमच्याच घरी पडून राहील.

यात्रेतली खरेदी, हप्त्यावरचं फ्रीज, खताच्या दुकानातली फुकट बादली यांना एकच प्रश्न: घरात कुठे ठेवणार? जागा बोटानं दाखवता आली नाही तर घेऊ नका.

आणि आहेराची वही मात्र कोणत्याही साफसफाईत काढू नका. कोणाकडून किती आलं, कोणाचं फेडायचं राहिलं, ते सगळं तिच्यातच असतं. ती कागदांच्या पहिल्या ढिगात, खरेदीखताच्या खाली ठेवा.